लग्नापुरता मॅनेजर

ही सोयरीक जुळली तर मध्यस्थ श्रीमंतमामांना काय मिळणार होतं, ते आधी मांडून घेऊ. मुलाकडून एक पोशाख, मुलीकडून एक पोशाख, मांडवात मानाचा फेटा आणि पत्रिकेत जाड ठशात नाव. हे झालं वरवरचं. खरी कमाई वेगळीच होती. मामांचा स्वतःचा मिहिर अठ्ठाविसात शिरला होता आणि मुलीचे वडील, नांदेडचे उद्धव सर, यांच्या भावकीत लग्नाच्या चार मुली होत्या. एक दार उघडलं की पुढची दारं आतल्या माणसांकडून उघडून घेता येतात, हे मामांना चांगलं ठाऊक. म्हणजे लग्न सत्यमचं आणि पाया मिहिरचा.

सत्यम हा आमच्या शेषेरावांचा एकुलता एक. गाव भोकरपासून आठ किलोमीटर. नऊ एकर काळी जमीन, विहिरीला उन्हाळाभर पाणी, दोन म्हशी, कुणाचं काही देणं नाही, पोरगा बी. ए. आणि निर्व्यसनी. तरी तीन वर्षांत सहा ठिकाणांहून नकार आला होता. मुलगा काय करतो, असा प्रश्न यायचा. शेती, असं उत्तर गेलं की पलीकडून फोनवर घरातल्या कुणाची तरी तब्येत बिघडायची. हल्ली रीतच झालीय. मुलीकडच्यांना शेत सातबाऱ्यावर पाहिजे, पोरगा मात्र त्या शेतात दिसायला नको.

त्यात सत्यमचा स्वभाव. म्हैस विकायला काढली तर गिऱ्हाइकाला चहाच्या आधी सांगणार की डाव्या अंगानं बसलं तर ही दूध काढू देत नाही. गाव त्याला भोळा म्हणायचं. पण त्याची म्हैस घेणारा माणूस कधी भांडायला परत आला नाही, हे गावानं कधी मोजलं नाही.

मग मामांनी तोड काढली. आमच्या भागात तिला लग्नापुरती नोकरी म्हणतात. गावातले तीन पोरं याच तोडीवर पुण्याला ‘कंपनीत’ जाऊन आले होते आणि आता बायकांसकट तूर काढून राहिले होते. मामांची चुलत बहीण उमाबाई लातूरला क्लासवाल्या पोरींसाठी खानावळ चालवते. तिथं सहा महिने खुर्चीवर बसायचं, मॅनेजर म्हणवून घ्यायचं, लग्न लागलं, मांडवपरतणी झाली की सामान उचलून गावाकडं यायचं.

सत्यमनं विचारलं की हे खोटं नाही का. मामा म्हणाले, तू तिथं बसणार हायेस का न्हाई? बसणार. मग खोटं कसं? सत्यमला ते पटलं. त्याला पटलं हीच मामांची पहिली चूक, कारण पटलेल्या गोष्टी हा माणूस मन लावून करतो.

उमाबाईंनी भावाच्या शब्दाखातर एक खुर्ची आणि एक टेबल मोकळं करून दिलं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे खुर्ची रिकामी, मॅनेजर भाजीबाजारात. शेतकऱ्याचं पोर, भेंडी हातात घेतली की तिचं वय सांगणार. पहिला आठवडा उमाबाईंना वाटलं, हा काहीतरी उचलायला आलाय. दुसऱ्या आठवड्यात तो पोरींना ताटावर सांगू लागला की वांगी आजची आहेत, डाळ कालची आहे, ज्यांना चालंल त्यांनी घ्या. उमाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. पण पोरींनी हे घरी सांगितलं, आयांनी एकमेकींना सांगितलं आणि बेचाळीस ताटांची खानावळ दिवाळीपर्यंत सत्तरावर गेली. उमाबाईंनी मग त्याच्या खुर्चीला गादी आणली.

इकडं मामांनी बायोडाटा तयार केला. ‘व्यवस्थापक, विद्यार्थिनी भोजन विभाग, लातूर.’ शब्द न् शब्द पाहिला तर खोटं काही नाही. खाली उमाबाईंच्या खानावळीचा नंबर ‘कार्यालय’ म्हणून दिला. तो कागद फिरत फिरत नांदेडला उद्धव सरांच्या मोबाइलवर पोचला.

उद्धव सर शाळेत गणित शिकवतात. कुठल्याही उत्तराचा ताळा करून बघितल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही. तरी एकदा फसले होते. त्यांच्या तनुजाचं लग्न दीड वर्षापूर्वी साड्यांच्या खरेदीपर्यंत गेलं होतं. मुलाची पुण्यातली कंपनी म्हणजे मावसभावाच्या मोबाइलच्या दुकानातलं काउंटर निघालं. साड्या घरातच राहिल्या. त्या दिवसापासून विनीताबाई, म्हणजे सरांच्या मिसेस, कपाट उघडताना त्या कप्प्याकडं बघायच्या नाहीत.

तनुजा भोकरला रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. रोज सकाळी नांदेडहून बसनं जाणार, संध्याकाळी परत. मशीननं जो आकडा दाखवला तो लिहायचा, पेशंट ओळखीचा असला तरी एक पॉइंट इकडंतिकडं करायचा नाही, अशी तिची ख्याती. तिनं सत्यमचा बायोडाटा वाचून एवढंच म्हटलं होतं की मुलगा लातूरला, मग माझ्या भोकरच्या नोकरीचं काय? म्हणजे तिच्या बाजूनं हा नकारच होता. पण विनीताबाईंना फोटोतला चेहरा बरा वाटला. त्यांनी सरांना टोचणी लावली की निदान चौकशी तरी करा.

सरांनी चौकशीची युक्ती शोधली. एका रविवारी अकरा वाजता त्यांनी त्या कार्यालयाला फोन लावला, स्पीकर सुरू ठेवला, बायको आणि मुलगी समोर बसवली, आणि आपण पालक असून आपली पुतणी शिवांगी नीटच्या क्लासला लातूरला यायची आहे, असं गंभीर आवाजात सांगितलं. पलीकडून कोण बोलतंय असं विचारलं, तर मॅनेजर बोलतोय, असं उत्तर आलं. सरांनी डोळ्यांनीच दोघींना खूण केली.

जेवणाबद्दल विचारलं तर मॅनेजरनं सांगितलं की सकाळचं चांगलं असतं. रविवारी संध्याकाळी मात्र आचारी घरी जातो आणि दुपारचंच गरम करून वाढतात, तेव्हा पोरीला त्या दिवशी बाहेर जेवू द्यावं. सर जरा चक्रावले. आपल्याच खानावळीबद्दल असं बोलणारा माणूस त्यांच्या गणितात बसत नव्हता. त्यांनी विचारलं, वर्षाचे पैसे एकदम भरले तर काही सवलत आहे का?

“सवलत हाय. पण तुम्ही एकदम भरू नका.”

“का?”

“आत्ता मी बघून राहिलो म्हणून नीट चालून राहिलं. पण मी इथं लग्नापुरता हाय. लग्न जमलं की गावाकडं जाणार. माझ्यामागं कोण येईल, कसा असंल, मला काय ठावं? तुम्ही आपलं महिन्याच्या महिन्याला भरा. पोरीला बरं वाटलं तर पुढचा महिना.”

सरांच्या हातातला पेन खाली ठेवला गेला. लग्नापुरता म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं. पत्ता विचारल्यावर डावीकडं वळा, मग देऊळ लागंल, असं समजावून सांगतात तितक्याच निवांतपणे त्या मॅनेजरनं सगळं सांगितलं. शेती करणाऱ्याला मुलगी मिळत नाही, म्हणून मामांनी इथं बसवलंय. शेत भोकरजवळ आहे. आत्ता हरभरा उगवून आला असेल, तो बघायला जीव ओढतो. सध्या नांदेडचं एक स्थळ आहे, लोक चांगले आहेत म्हणतात.

“आणि त्या लोकांना हे कळलं तर?” सरांनी विचारलं. या वेळी त्यांचा आवाज गंभीर करावा लागला नाही.

“कळंल का, मीच सांगणार हाय. मामा म्हणले, आधी पसंती होऊ दे, मग सांग. मला कुणी विचारलं तर सांगता येतं हो. न विचारता कसं सांगायचं, तेच सुचंना गेलंय.” मग जरा थांबून त्यानं विचारलं, “तुमची पोरगी कितवीला हाय?”

“बारावीला,” सर म्हणाले आणि फोन बंद केला.

विनीताबाईंच्या चेहऱ्यावर साड्यांचा कप्पा उतरला होता. सर उठून येरझाऱ्या घालू लागले. सगळे सारखेच, नोकरी खोटी, कागद खोटा, मध्यस्थ लबाड, असं त्यांचं सुरू झालं. तनुजा ऐकून घेत होती.

“बाबा,” ती म्हणाली, “आत्ताच्या फोनवर एकच माणूस खोटं बोलला. आणि शिवांगी बारावीत नाही, चौथीत आहे.”

सरांना हे लागलं. लागलं म्हणजे काय, दुपारी ते वरण-भातावर उठले. पण ताळा बरोबर होता. संध्याकाळी त्यांनीच विषय काढला. तनुजा म्हणाली, भोकरजवळ राहणारा मुलगा असेल तर माझी नोकरीची अडचणच उरत नाही, बघायला जाऊ. फक्त एक करा, तिथं सगळ्यांसमोर त्याला विचारा. फोनवर अनोळखी माणसाला खरं सांगायला काही लागत नाही. बापासमोर आणि मामासमोर काय बोलतो ते मला ऐकायचंय. खोटं बोलला तर आपण चहासुद्धा घ्यायचा नाही.

तुळशीचं लग्न होऊन पंधरा दिवस झाले होते. नांदेडचे पाहुणे घर बघायला येणार म्हणून शेषेरावांच्या ओसरीला रंग लागला. मामांनी शनिवारीच सत्यमला लातूरहून बोलावून घेतलं आणि तालीम घेतली. तालीम सोपी होती. पाहुणे काही म्हणाले की मान हलवायची. तोंड उघडायचं ते फक्त खाण्यासाठी. शेषेरावांचीही वेगळी तालीम झाली, कारण ते ‘भोजन विभाग’ म्हणताना दर वेळी ‘भोजन भाऊ’ म्हणत होते. तारामतींना, म्हणजे सत्यमच्या आईला, मामांनी काहीच शिकवलं नाही. त्यांना खोटं बोलायचं म्हटलं की उचकी लागते, हे सगळ्या गावाला माहीत आहे. त्यांना स्वयंपाकघरातच राहायला सांगितलं.

रविवारी दहा वाजता पाहुणे आले. उद्धव सर, विनीताबाई आणि तनुजा. ओसरीवर सतरंजी, तक्क्या, पाणी, मग भिजवलेल्या चुरमुऱ्यांना फोडणी दिलेली सुशीला ताटल्यांमधून आली. सरांनी ताटली हातात घेतली आणि तशीच धरून ठेवली. विनीताबाईंनी आणि तनुजानंही घास उचलला नाही. आमच्याकडं पाहुणा ताटली धरून बसला की घरच्या माणसाचा जीव वर येतो. शेषेराव मीठ कमी पडलं का म्हणून आत बघू लागले.

मामांनी सुरुवात केली. मुलगा लातूरला शिक्षणक्षेत्रात आहे. हाताखाली माणसं आहेत. सत्तर विद्यार्थिनींची जबाबदारी एकट्याच्या डोक्यावर. शेती आहेच, पण ती वडील बघतात; मुलाला काय, सुट्टीत यायचं, बांधावरून चक्कर मारायची. पुढंमागं लातूरला फ्लॅट घ्यायचा विचार चाललाय. प्रत्येक वाक्याला सत्यमनं मान हलवायची होती. सत्तर विद्यार्थिनींना त्यानं हलवली, कारण सत्तर ताटं खरी होती. फ्लॅटला मान हलली नाही. मामांनी गुडघ्यानं त्याला ढोसलं, तेही सगळ्यांना दिसलं.

सरांनी मामांचं सगळं ऐकलं. मग ते वळून थेट सत्यमशी बोलले.

“सत्यमराव, ही नोकरी लग्नानंतरही राहणार ना?”

“पर्मनंट,” मामा म्हणाले.

“मी त्यांना विचारतोय.”

आता गंमत बघा. नऊ एकर, विहीर, दोन म्हशी, तीन वर्षांचे सहा नकार आणि मामांची तालीम, हे सगळं एका बाजूला. आणि दुसऱ्या बाजूला एक साधा प्रश्न, तोही या पोराला ज्याची वाट होती तोच. कुणीतरी विचारलं होतं. सत्यमनं सरांकडं पाहिलं नाही, मुलीकडंही पाहिलं नाही. त्यानं बापाकडं पाहिलं.

“आबा, मी बोलू का?”

शेषेराव आयुष्यात कधी बैठकीत पुढं बोललेले नाहीत. त्यांच्या डोळ्यांपुढून काय काय गेलं असेल ते त्यांनाच ठाऊक. सातवा नकार तर नक्कीच गेला असेल. मामा डोळे वटारून बघत होते. शेषेरावांनी खांद्यावरचा रुमाल काढला, मानेवरचा घाम पुसला आणि म्हणाले, “बोल बाबा. माझ्यानं तरी हे झेपून राहिलं नव्हतं.”

“लग्नापुरती हाय,” सत्यम म्हणाला. “मी शेतीच करतो. पुढं बी शेतीच करणार. लातूरला खानावळ हाय, तिथं मी भाजी आणतो आन् हिशोब बघतो. फ्लॅटबिट काय न्हाई. तुम्हाला आधीच सांगायला पाहिजे व्हतं. चुकलं आमचं.”

आतून स्टीलचं काहीतरी पडलं. मामांनी पाणी मागितलं, पण ते द्यायला कुणी उठलं नाही.

सरांनी ताटलीतला पहिला घास घेतला. मग दुसरा. चवीनं खाल्ला आणि म्हणाले, “हे मला माहीत होतं. तुम्हीच सांगितलंत. रविवारी अकरा वाजता, फोनवर. पैसे महिन्याच्या महिन्याला भरा म्हणालात.”

दुसरा कुणी असता तर शरमला असता किंवा चिडला असता की माझी परीक्षा घेता काय. सत्यम पुढं सरकला आणि काळजीनं म्हणाला, “मग शिवांगीचं काय झालं? तिला कुठं ठेवलं?”

पहिल्यांदा तनुजा हसली. तोंडाला पदर लावला तरी खांदे हलत होते. मग विनीताबाई हसल्या. बऱ्याच दिवसांनी हसत असल्यासारखं त्यांना मध्येच थांबावं लागलं. सर सांगू लागले की शिवांगी चौथीत आहे आणि डबा घरूनच नेते. ते ऐकून शेषेरावांनी तक्क्याला पाठ टेकली. सकाळपासून पहिल्यांदा टेकली. आतून तारामती दारापर्यंत आल्या, उचकी नव्हती.

मग सर मामांकडं वळले. आवाज शाळेतलाच. “मामा, तुमच्या कागदात एकही शब्द खोटा नाही. तरी बेरीज खोटी येते. हे कसं करता, एकदा शिकवा आम्हाला.” मामांनी हे कौतुक म्हणून घ्यायचं ठरवलं. धंद्यात असं करावं लागतं.

तनुजानं आता स्वतःच विचारलं, भोकर इथून किती लांब पडतं. सत्यमनं सांगितलं की आठ किलोमीटर, गाडीवर पंधरा मिनिटं. पण पुलाजवळ रस्ता उखडलाय, तेव्हा पावसाळ्यात अर्धा तास धरावा, आणि नाल्याला पूर आला तर एखाद्या दिवशी जाताच येत नाही. तिनं मान डोलावली, रिपोर्ट वाचल्यासारखी. नांदेडहून तिला रोज दोन तास लागत होते, एकीकडचे. तेव्हा कुठं मामांच्या लक्षात आलं की ज्या लातूरच्या जोरावर आपण स्थळ ओढायला बघत होतो, त्याच लातूरमुळं ते निसटत होतं. भोकरजवळचा शेतकरी म्हणून साधा कागद पाठवला असता तर काम महिनाभर आधी झालं असतं.

“आणखी एक,” तनुजा म्हणाली. “माझ्या बायोडाटात वय सव्वीस लिहिलंय. मी अठ्ठावीसची आहे.”

सरांना ठसका लागला. ताळा करणाऱ्या माणसाला स्वतःचीच वही उघडी पडलेली आवडत नाही. पण सत्यमच्या चेहऱ्यावर असा काही आनंद पसरला की बोलून सोय नाही. “माझं बी कागदावर एकोणतीस हाय,” तो म्हणाला. “एकतीस पुरं झालं मला. बरं झालं तुम्ही काढलं.” दोघांनी मिळून चार वर्षं कमी केली होती, ती ओसरीवर परत जमा झाली.

त्यानंतर दोघं शेत बघायला गेले. म्हणजे सगळेच गेले, पण ती दोघं पुढं होती. हरभरा कसा विरळ उगवलाय आणि त्यात आपली चूक कुठली, ते तो तिला दाखवत होता. दुपारी सुपारी फुटली. विनीताबाईंनी तिथूनच नांदेडला जावेला फोन लावून सांगितलं की साड्या नव्या घ्यायच्या, जुन्या कप्प्यातल्या वाटून टाकायच्या.

लग्न माघात झालं. आता शेवटची बेरीज. मामांना दोन्ही पोशाख मिळाले, फेटाही बांधला गेला. मात्र मिहिरसाठी त्यांनी सरांच्या भावकीत शब्द टाकला, तेव्हा निरोप आला की कागद पाठवू नका, मुलालाच पाठवा, तोंडानं काय बोलतो ते ऐकू. मिहिर दोनदा जाऊन आलाय. दुसऱ्यांदा मामांना बरोबर येऊ दिलं नाही, आणि तेव्हा चहा मिळाला म्हणतो. शेषेरावांचं काही गेलं नाही. उलट ‘भोजन विभाग’ पाठ करायचा त्रास वाचला. सरांचा एक फोन खर्ची पडला. तनुजाचे रोजचे साडेतीन तास वाचले, त्यातला एक ती म्हशीपाशी घालवते, डाव्या अंगानं बसायचं नाही हे शिकून.

नुकसान झालं ते एकाच माणसाचं. पाठवणीच्या वेळी मुलीकडच्या बाया रडल्या, ती रीतच आहे. मुलाकडच्या मांडवात मात्र एकटी उमाबाई डोळ्याला पदर लावून बसली होती. तारामतींनी जवळ जाऊन समजूत घातली, तर म्हणाली, “तुमच्या घरी एक माणूस आलं बाई. माझं गेलं.” सत्तर ताटं, पहाटेचा भाजीबाजार आणि ती गादीची खुर्ची, सगळं बिनमॅनेजरचं झालं. लग्न जमवलं मामांनी, पण किंमत मोजली ती उमाबाईनं.